भेट शक्य होती का? शारजातली मराठी मैत्री आणि मोबाइल

शारजाच्या रोला भागाला नाव मिळालं ते एका जुन्या वडाच्या झाडावरून. ईदला, बाजाराला आलेली माणसं त्या वडाखाली जमत, पोरं फांद्यांना झोके बांधत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो वड पडला. आज तिथे चौक आहे, हिरवळ आहे आणि वडाची आठवण म्हणून उभारलेलं शिल्प आहे. ज्याच्या गावात वडाला पार असतो, त्या मराठी माणसाला ही जागा परकी वाटत नाही. सुटीच्या संध्याकाळी इथे अजूनही गर्दी होते. फरक एवढाच की बरेच जण शेजारी बसलेल्याशी न बोलता समुद्रापलीकडच्या कुणाशी तरी बोलत असतात.

हे पाहून कुणी म्हणतं, ‘मोबाइलने माणसं तोडली.’ कुणी म्हणतं, ‘मोबाइल आहे म्हणून तर परमुलखात दिवस निघतात.’ दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या मैत्रीबद्दल बोलत आहेत. समाजमाध्यमं मैत्रीला तारतात की मारतात, हा प्रश्न शारजात राहणाऱ्या मराठी माणसाच्या अंगाने पाहिला की त्याचे दोन तुकडे वेगळे दिसू लागतात.

एका फोनमधली दोन वर्तुळं

२०२२ च्या जनगणनेनुसार शारजा अमिरातीची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. त्यातले सुमारे १६ लाख लोक बाहेरच्या देशांतून आलेले. यांत मराठी माणूस अनेक वाटांनी आला आहे. रत्नागिरी-रायगडातल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांचं आखातात येणं-जाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पुण्या-मुंबईकडचे इंजिनिअर, हिशेबनीस, नर्स, शिक्षक नंतर आले. नागपूरहून तर शारजाला थेट विमान आहे. दुबईपेक्षा घरभाडं कमी म्हणून अनेकांनी अल नहदा, अल मजाझ, अल खान, अल कासिमिया, मुवेला अशा भागांत घर केलं आणि नोकरी मात्र दुबईत.

यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन वर्तुळं असतात. पहिलं गावाकडचं: दहावीची बॅच, कॉलेजचा कट्टा, मामेभाऊ, जुन्या चाळीतले शेजारी. त्यांची प्रत्यक्ष भेट वर्षातून एकदा, रजेच्या धावपळीत. दुसरं वर्तुळ इथलं: त्याच मजल्यावरचं कुटुंब, रोज एकाच बसने जाणारा सोबती, मंडळातली माणसं. हे पंधरा-वीस मिनिटांवर राहतात, पण त्यांचं इथलं असणं व्हिसावर अवलंबून.

दोन्ही वर्तुळांशी आपण एकाच अ‍ॅपवरून बोलतो, म्हणून परिणामही एकच होत असेल असं वाटतं. तो तसा होत नाही. कसोटी साधी आहे: ज्याला हा निरोप पाठवतो आहे, त्याला भेटणं शक्य होतं का? शक्य नव्हतं, तर तो निरोप म्हणजे निव्वळ नफा. शक्य होतं, तर तो निरोप भेटीच्या जागी बसला की भेटीसाठी उपयोगी पडला, हे पाहावं लागतं.

टपालाच्या विमानापासून व्हॉइस नोटपर्यंत

दूर गेलेल्या माणसाचा निरोप पोचवणं हे शारजाचं जुनंच काम. १९३२ मध्ये इंपीरियल एअरवेजची इंग्लंड-भारत मार्गावरची विमानं शारजाला उतरू लागली. प्रवाशांबरोबर टपालाच्या थैल्याही असत. ते ठाणं आज ‘अल महत्ता’ संग्रहालय म्हणून उभं आहे.

तेलाच्या पैशाने आखात उभं राहू लागलं तेव्हा इथे आलेल्यांसाठी पत्र हाच धागा होता. पत्र जाऊन उत्तर यायला आठवडे लागत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं किंवा ज्यांना लिहून समाधान होत नव्हतं, ते कॅसेटवर बोलून ती गावी जाणाऱ्याच्या हाती देत. घरचे सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकत आणि उत्तराची कॅसेट भरत. मग आंतरराष्ट्रीय फोन आला. त्यात कार्डातले दिरहम संपत आले की बोलणंही घाईघाईने संपायचं. १९९८ च्या एप्रिलमध्ये सचिन तेंडुलकरने शारजाच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ धावा केल्या. मैदानात बसून ते पाहणाऱ्याला दादरच्या मित्राला ती गोष्ट रंगवून सांगायची तर पुढच्या रजेची वाट पाहावी लागे किंवा महागडा फोन करावा लागे.

आज हे सगळं फुकटात, क्षणात होतं. व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये आणलेली व्हॉइस नोट म्हणजे तर जुन्या कॅसेटचाच धाकटा अवतार. फरक आहे तो वजनात. कॅसेट भरताना माणूस काय सांगायचं याचा आठवडाभर विचार करायचा, कारण पुढची संधी महिन्याने. फुकट झालेल्या निरोपात तो विचार राहिलाच पाहिजे अशी सक्ती उरली नाही. ‘गुड मॉर्निंग’चं फूल पाठवायला काही लागत नाही, म्हणून ते मिळाल्यावर काही वाटतही नाही.

शारजात व्हॉट्सॲप कॉल का लागत नाही?

नव्याने आलेल्या माणसाला बसणारा पहिला धक्का हाच. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, फोटो पाठवता येतात, व्हॉइस नोट जाते; पण आवाजी आणि व्हिडिओ कॉल सहसा चालत नाहीत. इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देण्यासाठी इथे परवाना लागतो आणि दूरसंचार नियामकाने मान्यता दिलेल्याच अ‍ॅपवर ती चालते. बोटिम हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. कोविडच्या काळात शाळा-कार्यालयांसाठी झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारख्या सेवांना मोकळीक मिळाली. व्हीपीएन वापरून गुन्हा केला किंवा तो लपवला, तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे, त्यामुळे ती पळवाट सुज्ञ माणूस टाळतो.

या नियमाचा मैत्रीवर एक न ठरवलेला परिणाम झाला. गावाकडच्या मित्राला मनात आलं की व्हॉट्सॲपवरून फोन लावता येत नाही. आधी त्याला बोटिम घ्यायला सांगावं लागतं, मग वेळ ठरवावी लागते. घड्याळ दीड तासाने मागे-पुढे आहे: शारजात जेवणं उरकून दहा वाजतात तेव्हा सांगलीत साडेअकरा झालेले असतात आणि मित्र झोपलेला असतो. एवढी खटपट आई-वडिलांसाठी, बायको-मुलांसाठी होते. मित्रांसाठी ती सहसा होत नाही. म्हणून घरच्यांशी बोलणं कॉलवर आणि मित्रांशी बोलणं मजकुरावर अशी वाटणी होऊन बसली. मजकुरात हसण्याची चिन्हं असतात, पण बोलता बोलता आवाज खाली गेला, मध्येच थांबला, हे कळत नाही. मित्राची अडचण पुष्कळदा तिथेच कळत असते.

अभ्यासक काय सांगतात?

या विषयावरचं संशोधन सुरुवातीपासून दोन्ही बाजूंना झुकत आलं आहे. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी ७३ कुटुंबांतल्या १६९ जणांचा, त्यांच्या घरी इंटरनेट आल्यापासून, अभ्यास केला. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की इंटरनेटचा वापर जास्त तिथे घरातलं बोलणं थोडं कमी आणि एकटेपणा थोडा जास्त. त्याच माणसांकडे ते पुन्हा गेले, आणि २००२ मध्ये त्यांना सांगावं लागलं की ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरले होते. मात्र आणखी एका गटाच्या पाहणीत एक गोष्ट पुढे आली: मुळात बोलक्या, माणसं जोडलेल्या लोकांना इंटरनेटचा फायदा झाला, एकलकोंड्यांना तसा झाला नाही. ज्याच्या ओसरीवर आधीच चार माणसं, त्याच्याकडे पाचवं आलं.

पुढच्या काळात प्रश्न ‘किती वापरता?’वरून ‘कसं वापरता?’कडे सरकला. मॉइरा बर्क आणि क्राउट यांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेला मजकूर मिळाला तर मनाला बरं वाटण्याशी त्याचा संबंध दिसतो. नुसत्या लाइकचा किंवा सगळ्यांसाठी टाकलेल्या पोस्टचा तसा दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यातल्या एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट तीन आठवडे रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं. त्या गटात एकटेपणा आणि उदासी कमी झाली. आणखी एका मोठ्या प्रयोगात काही अमेरिकनांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, तेव्हा त्यांचा दिवसाचा सुमारे तासभर वाचला आणि त्यातला काही वेळ मित्र-कुटुंबीयांकडे वळला. त्यांचं समाधान वाढलं, पण थोडंच. म्हणजे फोन बंद केल्याने जादू होत नाही. मोकळा झालेला वेळ कुठे जातो यावर सगळं अवलंबून.

मैत्रीची संख्या वाढते का, यावर मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं काम प्रसिद्ध आहे. माणसाला साधारण १५० जणांशीच खरी ओळख सांभाळता येते, असं ते मांडत आले. ब्रिटनमधल्या फेसबुक वापरणाऱ्यांच्या पाहणीवर २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं: यादीत दीडशेच्या वर नावं असली तरी संकटात ज्यांच्याकडे जाता येईल असे सरासरी चारच निघाले. यादी लांबली म्हणून हाकेला धावून येणारी माणसं वाढत नाहीत.

दोन वर्षांचा व्हिसा, दोनशे तासांची मैत्री

शारजातल्या माणसाने सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा अभ्यास कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा, २०१८ मधला. त्यांनी नुकतंच नव्या गावी राहायला गेलेल्यांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्यांना विचारलं, नव्या ओळखीच्या माणसाबरोबर किती तास घालवले आणि नातं कुठवर आलं? साधारण हिशेब असा निघाला: ओळखीच्या माणसाचा वरवरचा मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला सुमारे ९०, आणि जिवाभावाचा व्हायला २०० हून अधिक. ऑफिसात एकत्र काम केलेल्या तासांना यात फारसं वजन नव्हतं. गप्पा, जेवण, भटकणं, एकमेकांकडे नुसतं बसणं, हे तास मोजायचे.

आता हा हिशेब इथल्या आयुष्याला लावू. नोकरीचा व्हिसा बहुधा दोन वर्षांचा. समजा, एक मराठी कुटुंब दुसऱ्याला पंधरवड्यातून एकदा दोन तास भेटलं. वर्षाचे ५२ तास, दोन वर्षांचे १०४. म्हणजे ‘मित्र’ हा शब्द खरा होईपर्यंत व्हिसाच्या नूतनीकरणाची वेळ येते, आणि जिवाभावाच्या मैत्रीला चौथं वर्ष उजाडावं लागतं. त्याआधी कुणाची नोकरी जाते, कुणी कॅनडाला निघतं, कुणी मुलांच्या बारावीसाठी परत फिरतं.

वेळेची ओढाताणही कमी नाही. शारजा-दुबई रस्त्यांवर, विशेषतः अल इत्तिहाद रोडवर, दिवसाचे दोन-तीन तास सहज जातात. त्यात सुट्यांचा मेळ बसत नाही. जानेवारी २०२२ पासून शारजाच्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवस सुटी आहे. दुबईच्या सरकारी कामात शुक्रवार अर्धा आणि शनि-रवि सुटी. खासगी कंपन्यांत अनेकांना एकच दिवस. एकाच मजल्यावरचे दोन मित्र वेगवेगळ्या दिवशी मोकळे असतात.

अशा वेळी व्हॉट्सॲप मदतीला येतं आणि तिथेच फसवतं. वाढदिवसाला पूर्वी माणूस घरी जायचा किंवा फोन तरी करायचा. आता ग्रुपवर एकाने शुभेच्छा टाकल्या की पाठोपाठ चाळीस जण केक चिकटवतात. प्रत्येकाला वाटतं संबंध राखला, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या घरी संध्याकाळी कुणीच नसतं. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. शंभर निरोपांनी दोन तासांचं काम केलं असं वाटून ते दोन तास मात्र कायमचे राहून जातात.

स्टेटस आणि स्थिती

गावाकडच्या मैत्रीत फोन फायद्याचा, असं वर म्हटलं. त्यालाही एक खोट आहे, आणि ती आखातात जास्त ठळक दिसते. इथून जाणारे फोटो ठरलेले: बुर्ज खलिफा, वाळवंटातली सफर, मॉलमधला नाताळचा देखावा, शारजाच्या खालिद खाडीकाठची रोषणाई. एका खोलीत सहा जण राहतात, आपल्या वाट्याला एक ‘बेडस्पेस’ आहे, पगार दोन महिने थकला आहे, याचा फोटो कुणी लावत नाही. स्टेटस एक आणि स्थिती दुसरी.

मित्र रोज फोटो पाहतो, त्यामुळे त्याला वाटतं याची सगळी खबर आपल्याला आहे. मग ‘कसा आहेस?’ विचारायची गरज उरत नाही. विचारलं जातं ते ‘माझ्या भाच्याला तिकडे लावशील का?’ इकडच्यालाही आपण उभं केलेलं चित्र मोडायची लाज वाटते. नोकरी गेल्यावर सर्वांत आधी ज्याला सांगायला हवं, त्या बालमित्रालाच शेवटी कळतं. पत्रात माणूस खुशाली लिहायचा, तीही पुष्कळदा खोटीच असे. पण ते खोटं महिन्यातून एकदा बोलावं लागायचं. आता ते रोज सांभाळावं लागतं.

उलट बाजूही तितकीच खरी. गावात मित्राचे वडील गेल्याची बातमी त्याच तासात कळते. वीस वर्षांत न भेटलेले वर्गमित्र पुन्हा सापडतात. रजेवर गेल्यावर ‘तू कोण?’पासून सुरुवात करावी लागत नाही. समुद्रापलीकडची मैत्री विझू न देणं हे काम हा फोन चांगलं करतो. नव्या मैत्रीची चूल मांडायची तर मात्र सरपण लागतं, ते भेटीतूनच येतं.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस

इथल्या, जवळच्या वर्तुळातही समाजमाध्यमं किती उपयोगी पडू शकतात, याचा धडा शारजाला एका पावसाने दिला. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे २४ तासांत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. शारजात अल मजाझ, अल कासिमिया, किंग फैसल रोड या भागांत पाणी तुंबलं ते कित्येक दिवस हटलं नाही. तळघरांतल्या गाड्या बुडाल्या, काही इमारतींची वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या. उंच मजल्यांवर म्हातारी माणसं, लहान मुलं, रोजच्या औषधांवर असलेले रुग्ण अडकले.

त्या दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुप झपाट्याने उभे राहिले. कुठल्या इमारतीत पाणी नाही, कुणाला औषध हवं, कुणाच्या घरी बाळाचं दूध संपलं, याच्या याद्या फिरू लागल्या. कोरड्या भागात राहणाऱ्यांनी जेवण करून दिलं. स्वयंसेवकांनी कमरेएवढ्या पाण्यातून, कुठे छोट्या होड्यांतून ते पोचवलं. ज्या शेजाऱ्याचं नावही माहीत नव्हतं, त्याच्या दारावर टकटक झाली.

हे जमलं त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत. निरोप नेमका होता: इमारत कोणती, मजला कितवा, काय हवं. बोलणारी माणसं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. आणि निरोपाचा शेवट अंगठ्याच्या चिन्हात न होता कुणाच्या तरी दारात होत होता. त्याच फोनवर, त्याच माणसांचे, एरवीचे ग्रुप निव्वळ आलेलं पुढे ढकलत असतात.

भेट घडवणारी व्यवस्था

निरोपातून भेट पुराशिवायही घडवता येते. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा त्याचा चांगला मराठी नमुना. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशिकमध्ये ही योजना सुरू केली, आणि पुढे तिच्या पेट्या अमिरातीतल्या मराठी वाचकांपर्यंतही पोचल्या. रीत साधी: पुस्तकांची पेटी एका वाचकाच्या घरी राहते, आसपासचे वाचक तिथून पुस्तकं नेतात-आणतात, काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. पेटी कुणाकडे आहे, हे कळवायला व्हॉट्सॲप. पुस्तक घ्यायला मात्र चप्पल घालून कुणाच्या तरी घरी जावंच लागतं. आणि मराठी घरी गेल्यावर चहा चुकत नाही. पीडीएफ पाठवून हे साधलं नसतं.

मंडळांचे गणेशोत्सव, दिवाळीचे कार्यक्रम, नाटकाच्या तालमी, सुटीच्या सकाळचं क्रिकेट, १९८२ पासून भरत आलेल्या शारजा आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळ्याला दरवर्षी मिळून जाणं, हे सगळं त्याच जातीचं. नाटकाच्या तालमीला महिनाभर आठवड्यातून दोनदा तीन तास आलेला माणूस चोवीस तास कमावतो. हॉल यांच्या मापाने पहिल्या पायरीचं निम्मं अंतर.

यजमान देशाकडूनही यात शिकण्यासारखं आहे. अरबी घरातली मजलिस म्हणजे पाहुण्यांची, गप्पांची, शेजारपाजारच्या प्रश्नांची बैठक. २०१५ मध्ये युनेस्कोने अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार यांची ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. शारजात वस्तीवस्तीच्या मजलिसींना सरकारी आधारही आहे. बैठकीचा हा शब्द मराठीलाही परका नाही. आपल्याकडे तिचं काम ओटा, पार आणि कट्टा करत आले. टॉवरमध्ये ओटा नसतो, म्हणून तो ठरवून मांडावा लागतो.

ग्रुपवर बोलताना लागू असलेला कायदा

इथे आणखी एक गोष्ट नव्या माणसाने जाणून घ्यायला हवी. अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१ चा ३४ क्रमांकाचा संघीय कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तो मित्रांच्या खासगी ग्रुपलाही सोडत नाही.

- व्हॉट्सॲपवर दिलेली शिवी किंवा केलेली बदनामी हा गुन्हा ठरू शकतो.
- परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून पसरवणं, खासगी गोष्ट उघड करणं यासाठी कैद आणि दीड लाख ते पाच लाख दिरहम दंडापर्यंत शिक्षा आहे.
- खोटी बातमी नुसती पुढे ढकलणंही महागात पडू शकतं.
- परवान्याविना देणग्या गोळा करण्यास मनाई आहे. आजारी मित्रासाठी ग्रुपवर वर्गणी काढणं आपल्याकडे पुण्याचं काम. इथे ते मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करायचं.

याचा मैत्रीवरचा परिणाम सरळ आहे. शहाणी माणसं ग्रुपवर मोजकं बोलतात. थट्टा, भांडण, मनातली जळजळ यांना तिथे जागा नाही. आणि ज्या मैत्रीत थट्टा आणि भांडण नाही ती औपचारिकच राहते. म्हणून इथे मनमोकळं बोलण्याची जागा चार भिंतींतल्या चहाचीच.

मुलांची गोष्ट थोडी वेगळी

शारजात वाढणाऱ्या मुलाला मित्र गमावण्याची सवय लवकर लागते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि दरवर्षी वर्गातले काही जण कायमचे निघून जातात. गेलेल्या मित्राशी खेळत, बोलत राहायला मुलांना फोन हाच आधार असतो. तो सरसकट हिसकावणं म्हणजे त्यांची एक मैत्री तोडणं. मोठ्यांची कसोटी इथेही चालते. इंदूरला गेलेल्या मित्राशी स्क्रीनवर बोलणं ठीक. सातव्या मजल्यावरच्या मित्राशी तिसऱ्या मजल्यावरून ऑनलाइन खेळत बसणं कशासाठी? आजीशी बोलायचं तर मजकुरापेक्षा व्हिडिओ बरा. मराठी कानावर पडते आणि आजीलाही नातवाचा पडलेला दात दिसतो.

घरच्या घरी करायची तपासणी

१. फोनमधल्या शेवटच्या वीस जणांची नावं पाहा. त्यांच्यापुढे ‘दूर’ किंवा ‘जवळ’ लिहा. ‘जवळ’च्या नावांपुढे शेवटच्या भेटीची तारीख आठवते का?

२. दूरच्या दोन-तीन मित्रांसाठी बोटिमची वेळ ठरवून टाका. सुटीच्या सकाळी शारजात नऊ म्हणजे तिकडे साडेदहा. दोघंही जागे आणि निवांत.

३. वाढदिवसाचा केक ग्रुपवर टाकू नका. त्या माणसालाच दोन ओळी लिहा, त्यात एखादी आठवण असू द्या. तो चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर लिहूही नका, जा.

४. जो ग्रुप वर्षभरात एकदाही भेटला नाही, तो बातमीपत्र समजून वापरा. मित्रांचा ग्रुप म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवल्या तर वाईटच वाटेल.

५. पुढची भेट मागची भेट संपण्याआधी ठरवा. ‘बघू, ग्रुपवर टाकू’ म्हटलं की महिना गेला.

६. महिन्यातून एका मित्राला तरी खरी स्थिती सांगा, स्टेटसबाहेरची.

शेवटी ज्याचं त्याने मोजायचं. रोलाचा वड पडला तरी माणसं त्याच जागी जमतात, कारण जमायची सवय झाडापेक्षा जुनी आहे. फोन त्या सवयीच्या कामी आला तर चांगलाच. मित्राला पाठवण्यासारखे निरोप पुष्कळ असतात. शारजात त्यातला सर्वांत मोलाचा निरोप हा: ‘खाली आलोय, पार्किंग मिळत नाहीये.’